गवत झोपलेलं असतं तेव्हाचं काम

खारघरच्या गोल्फ कोर्सवर सहा वर्षं ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीचं बारीक कापलेलं गवत, सांभाळताय, स्कॉटलंडमधल्या नोकरीचं बोलणं चालू आहे, बायको आणि सात वर्षांची मुलगी सोबत येणार. तुमचा प्रश्न सरळ आहे: "तिकडे थंडीत गवत वाढतच नाही म्हणतात, मग चार महिने काम तरी काय असतं? आणि आपल्याकडच्या माणसाला ते झेपतं का?" जाता जाता एकटेपणाचंही विचारलंत. मी ठाण्याचा, धंदा हाच, सध्या मुक्काम एडिनबराच्या बाजूला. व्हिसा, पगाराची अट, इंग्रजीची परीक्षा यांबद्दल काही लिहीत नाही. ते सगळं सरकारी संकेतस्थळावर आहे आणि सारखं बदलत असतं. तिथे जे लिहिलेलं नाही तेवढंच सांगतो.

गवत वाढत नाही हे खरं. मातीचं तापमान 5-6 अंशांच्या खाली गेलं की वाढ थांबते. पण कामाची मेख त्यातच आहे. खारघरच्या गवतावर मोवर (गवत कापायचं यंत्र) घसरला, चाकाचा ओरखडा पडला, तर पावसाळ्याच्या तोंडावर पंधरा दिवसांत तो भरून निघतो. तिकडे नोव्हेंबरात पडलेला ओरखडा एप्रिलपर्यंत तसाच दिसतो. त्यामुळे हिवाळ्याचं निम्मं काम म्हणजे नुकसान होऊ न देणं आणि उरलेलं निम्मं म्हणजे लोकांना "आज नाही" असं सांगणं. हे दुसरं आपल्या माणसाला जड जातं. क्लबचे सभासद पैसे भरून येतात, ऊन पडलेलं दिसतं, आणि तुम्ही म्हणता ग्रीन बंद. आपल्याला साहेबाला नाही म्हणायची सवय नसते. ती लावून घ्या.

आता दहिवर. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले की आपल्याकडे पेपरात फोटो येतो. तिकडे तो रोजचा मामला. पात्यातलं पाणी गोठलेलं असताना त्यावर पाय पडला की आतल्या पेशी फुटतात. त्या क्षणी काही दिसत नाही. दुपारनंतर किंवा दुसऱ्या दिवशी बुटांच्या आकाराचे काळे-तपकिरी ठसे उमटतात, आणि ते कुणाचे हे सगळ्यांना कळतं, कारण सकाळी तिथे फक्त तुम्हीच गेलेले असता. म्हणून पांढऱ्या ग्रीनवर आपणही चढायचं नाही, बाहेरूनच बघायचं.

पण खरा धोका दहिवर वितळताना असतो, आणि नवा माणूस तिथेच चुकतो. वरची दोनेक सेंटिमीटर माती मऊ झालेली असते, खालची अजून दगड असते. ग्रीन हिरवं, ओलं, खेळण्याजोगं दिसतं. त्यावर माणसं चालली की वरचा थर खालच्या थरावरून सरकतो आणि मुळं मधोमध तुटतात. हे नुकसान डोळ्यांना दिसत नाही, वसंतात तो भाग उशिरा आणि विरळ उठतो तेव्हा कळतं. तपासायचं कसं, तर खिशातला चाकू. पातं सहज आत गेलं आणि मग टक्कन अडलं, तर बंद. सलग बोटभर आत गेलं तर उघडा. ग्रीनच्या मध्यावर बघून निर्णय घेऊ नका, सावलीतला कोपरा तपासा, तो सर्वांत शेवटी सुटतो.

सावलीचा हिशेब खारघरात बसून लक्षात येत नाही. 21 डिसेंबरला भर दुपारी ठाण्यात सूर्य क्षितिजापासून सुमारे 47 अंश वर असतो, एडिनबरात साडेदहा अंश. म्हणजे दहा मीटरच्या झाडाची सावली ठाण्यात नऊ-सव्वानऊ मीटर आणि तिकडे पन्नास मीटरच्या वर. ग्रीनच्या दक्षिणेला झाडांची रांग असेल तर ते ग्रीन दोन महिने ऊन बघतच नाही. मुलाखतीला बोलावलं तर कोर्सचा नकाशा मागा आणि अशी किती ग्रीन आहेत ते मोजा. दुसरं विचारा: ग्रीन जुन्या मातीची आहेत की अमेरिकी पद्धतीची, म्हणजे खाली दहा सेंटिमीटर खडी आणि वर तीस सेंटिमीटर वाळूचा थर. या दोन उत्तरांवर तुमचा हिवाळा कसा जाणार ते ठरतं. पगारापेक्षा आधी मी हेच विचारीन.

ग्रीन बंद असताना खेळ चालू ठेवायला खऱ्या ग्रीनच्या अलीकडे, फेअरवेवर (ग्रीनकडे जाणाऱ्या गवताच्या मोकळ्या पट्ट्यावर), तात्पुरतं ग्रीन असतं. ते डिसेंबरात कापून तयार होत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरपासून तो तुकडा हळूहळू खाली आणत 8-10 मिलिमीटरवर ठेवायचा. खरं ग्रीन उन्हाळ्यात 3.5 ते 4 मिलिमीटरवर असतं, हिवाळ्यात ते 5-6 वर नेतात. आठवड्यात एकदा कटिंग, कधी तेही नाही, आणि तेसुद्धा कोरड्या दिवशी नुसती शेंडी उडवायला. कडेची गोल फेरी सोडून द्यायची, कारण दर वेळी चाकं त्याच रेषेवरून जातात आणि तिथे गवताची वाट लागते.

मग रोज करायचं काय? पहिलं काम दव झाडणं. लांब लवचीक काठी घेऊन ग्रीनवर डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. अठरा ग्रीन, दोन माणसं, दीड-दोन तास. हे दिसायला साधं आहे, पण बुरशीवरचं पहिलं औषध हेच. ज्याला तिकडे जुन्या सवयीने फ्युजेरियम म्हणतात ती बुरशी पात्यावर ओल टिकली की पसरते. सुरुवातीला रुपयाएवढे नारिंगी-तपकिरी डाग, दमट सकाळी कडेला पांढरट-गुलाबी कापूस. बर्फाखाली तर ती निवांत वाढते. 'पोआ अॅन्युआ' हे रानटी गवत जुन्या ग्रीनमध्ये भरपूर असतं आणि तेच आधी बळी पडतं. आपल्या हाताला सवय असते की रंग उतरला की थोडा युरिया. तिकडे शरद ऋतूत उशिरा नत्र दिलं तर पातं लुसलुशीत होतं आणि बुरशीला आवतण मिळतं. पूर्वी सर्रास वापरलं जाणारं आयप्रोडायोन हे बुरशीनाशक 2018 मध्ये बंद झालं, तेव्हापासून रोग आल्यावर फवारू ही चैन संपली. औषध फवारायचं तर परवाना लागतो: पीए 1 लेखी आणि पीए 2 बूम स्प्रेअरसाठी, पाठीवरच्या पंपाला पीए 6. कंपनी खर्च करते का, ते नोकरीच्या पत्रातच लिहून घ्या. तोंडी आश्वासनं हिवाळ्यात गोठतात.

रंगासाठी आणि पातं कणखर करण्यासाठी हिराकस (फेरस सल्फेट). हो, आपलीच हिराकस. हेक्टरी 5 ते 10 किलो. पाचशे चौरस मीटरच्या ग्रीनला म्हणजे पाव ते अर्धा किलो, वीसेक लिटर पाण्यात. कोमट पाण्यात आधी विरघळवून गाळून घ्या, नाहीतर नोझल तुंबतात. शेवाळ त्याने काळं पडतं, ते ठीक. पण क्लबहाउसच्या फरशीवर थेंब पडला तर गंजाचा डाग जात नाही आणि त्याची आठवण तुम्हाला वर्षभर करून दिली जाते. रात्री दहिवर पडणार असेल तर फवारू नका.

गांडुळं आपल्याकडे शेतकऱ्याचा मित्र. तिकडे ग्रीनकीपरची डोकेदुखी. ती मातीची ढेकळं वर आणून टाकतात, त्यावरून मोवर किंवा बूट गेला की चिखलाचा सपाट ठिपका होतो, खालचं गवत गुदमरतं. मारायला कायदेशीर औषध उरलेलं नाही. ढेकळं वाळायची वाट बघायची आणि मग झाडून पसरायची. ओली असताना ब्रश मारलात तर स्वतःच्या हाताने लिंपण केलंत म्हणून समजा.

होल बदलणं. भोक 108 मिलिमीटर व्यासाचं, कपची कड जमिनीखाली किमान इंचभर, हे तुम्हाला पाठ आहे. हिवाळ्यात कपातलं पाणी गोठतं, झेंड्याची काठी कपाला चिकटते, आणि पहिला खेळाडू काठी ओढतो तेव्हा कपच वर येतो, भोकाची कड घेऊन. म्हणून अंदाज बघून आदल्या दुपारीच होल हलवायचं आणि झेंडे काढून ठेवायचे. गोठलेल्या जमिनीत भोक पाडायचा कटर हातोड्याने ठोकू नका, कडा तुटतात आणि कापून काढलेला मातीचा प्लग परत नीट बसत नाही.

पाऊस तुमच्या ओळखीचा, पण त्याचं गणित वेगळं. एडिनबरात वर्षाला 700 मिलिमीटरच्या आसपास. आपला एक जुलै त्याहून जास्त ओततो. फरक असा की आपल्याकडे दोन दिवस उघडीप मिळाली की जमीन वाफसा धरते, आणि तिकडे डिसेंबरात बाष्पीभवन जवळजवळ शून्य. पडलेलं पाणी निचऱ्यातूनच जायला हवं, दुसरी वाट नाही. त्यामुळे चर मोकळे करणं, पानं ब्लोअरने हटवणं, लांब भरीव टाइन (जमिनीत भोकं पाडायचे सुळे) 20-25 सेंटिमीटर खोल मारून माती मोकळी करणं. टाइन मारायला माती ओलसर हवी, चिखल नको. चिखलात मारलीत तर भोकाच्या भिंती लिंपल्या जातात आणि पाणी आणखीच अडतं.

यंत्रांचं म्हणाल तर थंडीत हायड्रॉलिकचं तेल घट्ट होतं, सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटं नुसतं चालू द्या. जुनी नळी अशाच सकाळी फुटते, आणि ग्रीनवर तेलाची रेघ पडली की ती रेघ एप्रिलपर्यंत सभासदांना दाखवत बसायचं. नोव्हेंबरात पाण्याच्या पाइपांत कॉम्प्रेसरने हवा मारून ते रिकामे करतात, स्प्रेअरच्या पंपात अँटीफ्रीझ घालतात. मोवरच्या सिलिंडरला (फिरत्या पात्यांना) आणि बॉटम ब्लेडला (खालच्या स्थिर पात्याला) धार लावायची ती याच दिवसांत. कागदाचा तुकडा सगळ्या लांबीवर सारखा कापला जातोय का, ही परीक्षा दोन्हीकडे एकच. ज्याला धार लावता येते त्याला हिवाळ्यात कुणी काढत नाही. हे शिकून या.

समुद्रकाठच्या कोर्सवर बंकरची, म्हणजे वाळूच्या खड्ड्याची, भिंत गवताच्या पट्ट्या एकावर एक रचून करतात, कोकणात गडगा रचतात तशी, प्रत्येक थर किंचित मागे. काही वर्षांत ती ढासळते आणि पुन्हा रचावी लागते, आणि ते काम हिवाळ्याचं. हे एकच काम मला मनापासून आवडतं.

कपडे: आत सुती बनियन अजिबात नको, घाम धरून ठेवतो आणि अंग गार पडतं. लोकरीचा किंवा सिंथेटिक. बूट एक नंबर मोठा. हातमोज्यांचे दोन जोड, एक वाळत, एक हातात. बोटं बधिर झाली तर लगेच हीटरवर धरू नका, सुजून खाज सुटते. ड जीवनसत्त्वाची गोळी ऑक्टोबरपासून. 21 डिसेंबरला सूर्य पावणेनऊला उगवतो आणि पावणेचारला मावळतो. उन्हाळ्यात उलट, पहाटे पाचला कामावर, आणि त्या वेळी कोर्सपर्यंत बस नसते. गाडी लागते. ती पहिल्या महिन्याच्या खर्चात धरा.

कागदपत्रांत एकच गोष्ट सांगतो, कारण ती कुठेही लिहिलेली नाही. तुमचा कंत्राटदार अनुभवाच्या पत्रावर हुद्दा 'माळी' लिहून देईल. त्याच्या रजिस्टरात तेच असतं. तिकडे त्याचं भाषांतर बागेत गुलाब लावणारा असं होतं आणि सहा वर्षांचा अनुभव शून्यावर येतो. पत्रात ग्रीनची संख्या, कापण्याची उंची, मोवरचे प्रकार, टाइनिंग, टॉपड्रेसिंग (ग्रीनवर वाळू पसरणं), फवारणी, सगळं नावानिशी लिहून घ्या. शिक्का, तारीख, फोन उचलेल अशा माणसाचा नंबर. ठाण्याहून निघाल्यावर हे पत्र दुरुस्त करून घेणं म्हणजे काय असतं ते मी सांगत बसत नाही. माळी या शब्दाची मला लाज नाही. पण तो शब्द त्या कागदावर बघितला की अजून डोकं फिरतं.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. पुढे.

मुलीची शाळा. स्कॉटलंडमध्ये इयत्ता जन्मतारखेवरून ठरते, मार्च ते फेब्रुवारी असा गट, सत्र ऑगस्टच्या मध्यात सुरू. आपल्याकडच्या प्रगतिपुस्तकाला तिथे कुणी विचारत नाही. पत्त्यावरून शाळा ठरते, म्हणजे आधी घर, मग शाळा, आणि गोल्फ कोर्स गावाबाहेर असल्यामुळे स्वस्त घर एकीकडे आणि बरी शाळा दुसरीकडे. मधल्या सत्रात जाऊ नका, जमलं तर ऑगस्टात पोचा. आणि मुलगी पहिल्या काही महिन्यांत गप्प राहिली तर तिला वाचता येत नाही असं शाळा धरून चालते. उच्चार वेगळा म्हणून मूल खालच्या वाचनगटात बसवलं जातं आणि वर्षभर तिथेच राहतं. पहिल्याच महिन्यात शिक्षिकेला भेटा, मुलीला समोर पुस्तक वाचायला लावा, आणि गट बदलायची तारीख लेखी घ्या. मी कामावरून सुट्टी कशी मागू म्हणून गप्प बसलो. दहिवर पडलं होतं, दुपारपर्यंत कोर्स बंद होता, सुट्टी सहज मिळाली असती.

झेपतं का, असं विचारलंत. शरीराला झेपतं, दुसऱ्या हिवाळ्यापासून. पहिल्यात तुम्हाला वाटेल की आपण काहीच करत नाही, नुसते काठी फिरवतोय आणि चाकू खुपसून बघतोय. खारघरच्या पांडवकड्याखाली जूनमध्ये गवत डोळ्यांदेखत वाढतं, रोज कापलं तरी पुरत नाही, ते हाताला आठवत राहतं. मार्चच्या शेवटी एखाद्या सकाळी मोवरच्या पेटीत पहिल्यांदा मूठभर हिरवं पडतं. तोवर निघायची घाई करू नका. आणि धार लावायचं मनावर घ्या, ते विसरू नका.