मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रुग्णांना दाखवायचा व्हिडिओ कसा असावा?

बघणाऱ्यालाच नीट दिसत नसतं, हे आधी लक्षात घ्या. मोबाइल नको, मोठा टीव्ही लावा. नुसतं ऐकूनही सगळं कळलं पाहिजे. पेठ-सुरगाण्याहून नाशिकला आलेल्या आजींना ‘फेको’ म्हणून काय कळणार? ‘अडीच-तीन मिलिमीटरच्या छेदातून गढूळ झालेलं भिंग काढून नवं बसवतात’ असं सांगा. डोळा कापतानाचं खरं चित्रण टाळा, माणसं घाबरतात. टेबलावर काय जाणवेल ते दाखवा: झगझगीत उजेड, पाण्याचा गारवा, चेहऱ्यावर कापड. खोकला येतोय वाटलं तर आधी सांगायचं, डोकं हलवायचं नाही.

घरी गेल्यावर चुका होतात त्या थेंबांत. खालची पापणी ओढून एकच थेंब, बाटलीचं टोक डोळ्याला लागू न देता. दोन औषधांत ५ मिनिटांचं अंतर. हे सोबत आलेल्या सुनेला किंवा मुलालाही दाखवा, आणि रिकाम्या बाटलीने तिथेच करवून घ्या.