तळतळाट की आणखी काही?

प्रश्न : ताई, अमेरिकेचे माजी अध्यक्ष जॉन केनेडी यांची नात टाटियाना श्लॉसबर्ग ३५व्या वर्षी ब्लड कॅन्सरने गेली. ती बातमी आल्यापासून आमच्या भिशीत हाच विषय आहे. आजोबांना गोळी, त्यांच्या भावाला गोळी, मामा विमान अपघातात. माझ्या जाऊबाई म्हणतात, कुणाचा तरी तळतळाट लागलाय त्या घराला. मला ते टोचतं, पण उत्तर सुचत नाही. एकाच घरात इतकं का घडावं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : टोचतंय ते बरोबरच आहे. जाऊबाई म्हणतात ते त्या घरातल्याच एकाने कधीच बोलून ठेवलंय. जुलै १९६९ मध्ये अमेरिकेतल्या चॅपाक्विडिक बेटावर जॉन यांचे धाकटे भाऊ टेड केनेडींची गाडी पुलावरून पाण्यात गेली. ते बाहेर पडले. शेजारी बसलेली मेरी जो कोपेकनी आतच राहिली. २८ वर्षांची मुलगी. पोलिसांना कळवलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. आठवड्याने टीव्हीवर ते म्हणाले, केनेडींवर खरंच काही भयंकर शाप आहे की काय, असं त्या रात्री मनात येत होतं. मला याचा आजही राग येतो. गेली ती कोपेकनींची एकुलती एक लेक, आणि शाप मात्र केनेडींना!

१९९९ चंही तसंच. धाकटे जॉन केनेडी, म्हणजे टाटियानाचे मामा, रात्री, धूसर हवेत, समुद्रावरून स्वतः विमान चालवत होते. नुसत्या उपकरणांवर विमान चालवण्याचा परवाना त्यांच्याकडे नव्हता. अंधारात वर-खाली कळेनासं झालं आणि ताबा सुटला, असं चौकशीत निघालं. सोबत पत्नी कॅरोलिन होती आणि तिची बहीण लॉरेन. एका आईच्या दोन मुली एका रात्रीत गेल्या; त्या घराच्या तळतळाटाची चर्चा कुणी केली?

घर किती मोठं तेही बघा. जॉन यांचे आईवडील जोसेफ आणि रोझ यांना नऊ मुलं, त्यांतल्या एकट्या रॉबर्टना अकरा. थोरला जोसेफ ज्युनिअर १९४४ मध्ये युद्धात स्फोटकांनी भरलेलं विमान घेऊन गेला, ते हवेतच फुटलं. जॉन आणि रॉबर्टना राजकारणात गोळ्या लागल्या. ब्लड कॅन्सर तर कुणाच्याही घरी येतो. प्रत्येकाचं कारण वेगळं, आणि बरीचशी कारणं माणसांनीच घडवलेली.

लोक नुसती कुजबुजच करतात असंही नाही हं. १९६३ मध्ये जॉन यांची हत्या झाल्यावर सात आठवड्यांत त्यांच्या पत्नी जॅकलिनबाईंना सुमारे आठ लाख पत्रं आली. त्यांत विधवा बायका होत्या. आपला नवरा कसा गेला, मागे पोरांना कसं वाढवलं, हे त्यांनी एका अनोळखी बाईला लिहून कळवलं. मला हे फार मोठं वाटतं. त्यांनी तिला आपल्यातली एक मानलं.

आता टाटियानाचं. तिची आई कॅरोलाइन सहा वर्षांचीही झाली नव्हती तेव्हा वडील गेले, दहाव्या वर्षी काका, एकेचाळिसाव्या वर्षी भाऊ. शेवटच्या आजारात टाटियानाने एक लेख लिहिला. आयुष्यभर आईला त्रास होऊ नये म्हणून जपलं आणि आता मीच तिच्या वाट्याला नवं दुःख आणलं, असं तिने त्यात म्हटलंय. दोन लहान मुलांची आई होती ती. जाऊबाईंचे शब्द त्या मुलांच्या कानावर पडले तर काय वाटेल, एवढं त्यांना विचारा.

त्याच लेखात तिने आपल्या आईच्या चुलतभावावर, अमेरिकेचे आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी ज्युनिअरवर, नाव घेऊन टीका केली आहे. त्यांच्या खात्याने एमआरएनए लसींच्या (कोविडच्या काही लसी याच तंत्राच्या) संशोधनाचे सुमारे ५० कोटी डॉलर थांबवले. तेच तंत्र काही कॅन्सरवरही उपयोगी पडू शकतं, हे तिला सांगायचं होतं. भिशीत बोलायचंच असेल तर त्यावर बोला.