स्टिअरिंगची वॉरंटी आणि पंधरा वर्षांची पॉलिसी

प्रश्न : माझे वय 37 आहे. 34 महिन्यांपूर्वी सात वर्षांच्या कर्जावर नवी गाडी घेतली. सहाव्या महिन्यापासून स्टिअरिंग अधूनमधून मध्यभागी चिकटल्यासारखे होते आणि कधी कधी एकदम जड होते. तीन वेळा सर्व्हिस सेंटरला दाखवली. दोनदा अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) करून बिल लावले आणि तिसऱ्यांदा ‘दोष आढळला नाही’ असे सांगून गाडी परत दिली. कंपनीची वॉरंटी 36 महिने किंवा 1,00,000 किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तोवर आहे आणि गाडी 96,400 किलोमीटर चालली आहे. वितरकाने 24 महिने किंवा 40,000 किलोमीटरची वाढीव वॉरंटी सुचवली असून तिची किंमत चालू कर्जातच मिळवून देतो असे तो म्हणतो. नऊ दिवसांपूर्वी सही करून थोडी आगाऊ रक्कम दिली आहे. हा निर्णय बरोबर आहे का? दीड वर्षाने, वॉरंटी शिल्लक असतानाच, गाडी विकून चांगली किंमत मिळवण्याचा विचार आहे. हप्त्याची काळजी नाही, कारण गाडी घेताना तिथेच एक पॉलिसी घेतली होती आणि तिच्यातून कर्ज फिटणार आहे. घरी पत्नी, सहा वर्षांची मुलगी आणि आई आहेत; कमावणारा मी एकटाच.

उत्तर : ही वॉरंटी रद्द करा. तुमच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे आणि त्याची कारणे पुढे देतो, परंतु पत्राच्या शेवटची दोन वाक्ये तुम्ही जाता जाता लिहिली आहेत आणि मला काळजी वाटते ती त्या वाक्यांची. तुमचे खरे आकडे येथे उघड करणे योग्य नसल्यामुळे तुमच्या हाती येणारा महिन्याचा पगार 100 धरला आहे आणि बाकी सर्व रकमा त्याच मापाने, ढोबळमानाने मांडल्या आहेत. या मापात गाडीची किंमत 1,200 होती, कर्ज 1,000 होते, व्याज 10 टक्के आहे आणि हप्ता 17 च्या किंचित आत आहे.

पैशांकडे वळण्यापूर्वी माझ्या क्षेत्राबाहेरची एक गोष्ट सांगणे भाग आहे. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगला विजेच्या मोटरचे साहाय्य असते. चालक किती जोर लावतो हे टॉर्क सेन्सर मोजतो आणि त्या प्रमाणात मोटर मदत करते. हे साहाय्य बंद पडले तरी बहुतेक गाड्यांत चाकांशी असलेली यांत्रिक जोडणी शाबूत राहते, पण स्टिअरिंग एकाएकी जड होते आणि वळणावर असे होणे जिवावर बेतू शकते. अलाइनमेंट बिघडली तर गाडी सहसा एका बाजूला ओढते आणि टायर असमान झिजतात. स्टिअरिंग मध्यभागी चिकटणे हे वेगळे लक्षण आहे. होंडाने 2024 मध्ये अमेरिकेत सुमारे 17 लाख गाड्या परत बोलावल्या त्या स्टिअरिंग अशाच प्रकारे अडखळत असल्यामुळे, आणि दोष स्टिअरिंग गिअरबॉक्समधील वर्म व्हील या दातेरी चाकात होता. तुमची गाडी दुसऱ्या कंपनीची आहे, त्यामुळे तोच दोष असेल असे मी म्हणत नाही. मात्र दोनदा अलाइनमेंटचे बिल घेऊन तुमची बोळवण झाली आहे एवढे नक्की, आणि छडा लागेपर्यंत ही गाडी रोजच्या लांबच्या प्रवासाला वापरू नये.

आता वॉरंटीचा हिशेब. तिची किंमत 36 आहे. कर्जाचे 50 हप्ते उरले आहेत, त्यांत ती मिसळली की दरमहा ‘फक्त 0.9’ वाढतात असे तुम्हाला सांगण्यात आले; ते खरे आहे, पण 50 महिन्यांत त्याचे 44 होतात. तुमची गाडी महिन्याला सुमारे 2,800 किलोमीटर धावते. याचा अर्थ 40,000 किलोमीटरची मर्यादा 24 नव्हे, 14 महिन्यांत संपेल. दीड वर्षाने गाडी विकायला काढाल तेव्हा ग्राहकाला दाखवायला वॉरंटी उरलेलीच नसेल आणि तिचे हप्ते मात्र तुम्ही त्यानंतरही भरत असाल. मोटर आणि रॅकसह (चाके वळवणाऱ्या दातेरी दांड्यासह) संपूर्ण स्टिअरिंग बदलण्याचा खर्च तुम्हाला 50 सांगितला आहे. 50 चा संभाव्य खर्च टाळण्यासाठी 44 मोजायचे असतील तर दहापैकी जवळजवळ नऊ वेळा तो खर्च उद्भवला पाहिजे, तोही 14 महिन्यांच्या आत, आणि प्रत्येक वेळी दावा मंजूरही झाला पाहिजे.

यावर तुम्ही म्हणाल की दोष तर आहेच, तेव्हा खर्च येणारच. नेमकी तीच या करारातील मेख आहे. तुम्ही पाठवलेल्या प्रतीवर गाडीच्या कंपनीचे नाव कोठेही नाही. वितरकाने तिला ‘कंपनीची वॉरंटी’ म्हटले असले तरी हा एका तिसऱ्याच संस्थेचा सेवा करार आहे. त्याच्या वगळलेल्या बाबींत ‘करार सुरू होण्यापूर्वी अस्तित्वात असलेला किंवा ज्याची लक्षणे आढळून आली आहेत असा बिघाड’ हे शब्द स्पष्ट छापलेले आहेत. तुमच्या स्टिअरिंगची लक्षणे सहाव्या महिन्यापासून आढळत आहेत आणि सर्व्हिस सेंटरच्या नोंदी काढल्या की दावा फेटाळायला पाच मिनिटेही लागणार नाहीत. ज्या एका दोषासाठी तुम्ही ही वॉरंटी घेत आहात तो एक दोष सोडून बाकी बऱ्याच गोष्टींना ती संरक्षण देते. विक्रेत्याला हे ठाऊक नव्हते असे मानायला मी तयार नाही. उत्पादक कंपनी स्वतः देते ती वाढीव वॉरंटी बहुधा मूळ वॉरंटीच्याच अटी पुढे चालवते. तसा प्रस्ताव असता तर मी विचार करा म्हटले असते, तरीही कर्जात मिसळू नका असेच सांगितले असते.

वॉरंटीच्या काळात उद्भवलेला आणि त्याच काळात कळवलेला दोष हे कंपनीचे तुमच्याकडील देणे आहे. ते वसूल करायला तुमच्याकडे वेळ किती आहे हे पाहा. तुम्ही दोन महिने धरून चालला आहात, परंतु किलोमीटरची मर्यादा आधी गाठली जाणार आहे. 3,600 किलोमीटर उरले आहेत, म्हणजे तुमच्या वेगाने सव्वा महिना. गाडी कमी चालवाल तर तेवढे दिवस वाढतील, हे कमी चालवण्याचे दुसरे कारण.

या सव्वा महिन्यात कंपनीला, केवळ वितरकाला नव्हे, लेखी तक्रार द्या. तिच्यात तिन्ही भेटींच्या तारखा, प्रत्येक वेळचे किलोमीटर, लक्षणे कोणत्या वेगाला आणि किती वेळ चालल्यावर दिसतात हे लिहा आणि जॉबकार्डांच्या, म्हणजे सर्व्हिस सेंटरने तक्रार आणि काम नोंदवलेल्या कागदांच्या, प्रती जोडा. तुमच्या एका जॉबकार्डावर तक्रारीच्या जागी केवळ ‘जनरल चेकअप’ असे लिहिले आहे. त्याच्यावर सही करून तुम्ही स्वतःचाच पुरावा पुसला. पुढच्या वेळी तुमचे शब्द जसेच्या तसे लिहिल्याशिवाय सही करू नका, संगणकीय तपासणीत निघालेल्या दोष-संकेतांची छापील प्रत मागा, आणि तंत्रज्ञाला शेजारी बसवून लक्षण दिसेपर्यंत गाडी चालवा, कारण अधूनमधून येणारा बिघाड उभ्या गाडीत सापडत नाही. अलाइनमेंटच्या दोन बिलांचा परतावाही त्याच पत्रात मागा. चेसिस क्रमांक देऊन या मॉडेलसाठी रिकॉल (दोषामुळे गाड्या परत बोलावणे) अथवा वितरकांना पाठवलेली तांत्रिक सूचना आहे का, हे लेखी विचारा, आणि शेवटी केवळ स्टिअरिंगपुरती वॉरंटी विनामूल्य वाढवून मागा.

ही मागणी भाबडी नाही. एखादा दोष वारंवार येऊ लागला की त्या भागापुरती वॉरंटी वाढवून देणे हा उत्पादकांचा जुना मार्ग आहे आणि तो त्यांना रिकॉलपेक्षा स्वस्त पडतो. जनरल मोटर्सने 2010 मध्ये पॉवर स्टिअरिंगच्या दोषासाठी सुमारे 13 लाख गाड्या परत बोलावल्या आणि मार्च 2014 मध्ये अमेरिकेत पुन्हा तेवढ्याच. दुसऱ्या वेळच्या गाड्यांपैकी काही आधीही बोलावलेल्या होत्या, तर काहींना केवळ वाढीव वॉरंटी देऊन विषय मिटवला होता. आपण पुरेसे केले नाही, अशी कबुली कंपनीनेच तेव्हा दिली. तेव्हा वाढीव वॉरंटी विनामूल्य मिळाली तरी तक्रार मागे घेतल्याच्या कागदावर सही करू नका. पुढे रिकॉल झाला तर आधी स्वतः केलेल्या खर्चाचा परतावा अनेक ठिकाणी मिळू शकतो, मात्र पावत्या जपलेल्या असाव्या लागतात.

आता ती शेवटची दोन वाक्ये. ‘पॉलिसीतून कर्ज फिटणार आहे’ असे तुम्ही लिहिता. कर्ज सातव्या वर्षी संपते आणि पॉलिसीची मुदत पंधराव्या वर्षी पूर्ण होते. म्हणजे शेवटचा हप्ता खिशातून भरल्यावर तब्बल आठ वर्षांनी ती पॉलिसी कर्ज फेडायला येणार आहे! ज्याने तुम्हाला हे सांगितले त्याला वर्षे मोजता येत नसावीत, किंवा तुम्ही ती मोजणार नाही याची त्याला खात्री असावी.

पॉलिसीचा हप्ता महिन्याला 12 आहे, म्हणजे पंधरा वर्षांत तुम्ही 2,160 भराल आणि ‘दीडपट’, सुमारे 3,240, मिळतील असे तक्त्यात दाखवले आहे. त्या तक्त्याच्या तळाशी ‘अंदाजे’ हा शब्द बारीक अक्षरांत आहे. दीडपट ऐकायला भरघोस वाटते, पण पंधरा वर्षे थोडे थोडे भरून दीडपट म्हणजे वर्षाला जेमतेम 5 टक्के. एका हाताने 10 टक्क्यांनी कर्ज घेऊन दुसऱ्या हाताने 5 टक्क्यांवर पैसे ठेवण्याचा हा व्यवहार त्याच टेबलावर, त्याच दिवशी तुमच्याकडून करून घेण्यात आला.

याहून गंभीर बाब विम्याची आहे. या पॉलिसीचे संरक्षण 1,440 आहे. उद्या तुमचे काही बरेवाईट झाले तर त्यातून कर्जाचे उरलेले 675 वजा होतील आणि 765 राहतील. घरखर्च महिन्याला 65 आहे. म्हणजे एक वर्ष. मुलगी तेव्हा सात वर्षांची असेल. गाडीच्या स्टिअरिंगला काय होईल याची तजवीज करण्यासाठी तुम्ही कर्ज वाढवायला निघाला आहात आणि ज्या एका पगारावर चार माणसे उभी आहेत त्याची तजवीज बारा महिन्यांची आहे. तुम्हाला निव्वळ मुदत विमा हवा, ज्यात मुदतीअखेर काहीही परत मिळत नाही असा, आणि किमान दहा वर्षांच्या पगाराएवढा, म्हणजे 12,000 चा. तुमच्या वयाला, प्रकृती ठणठणीत असेल आणि तंबाखूचे व्यसन नसेल तर, तो महिन्याला साधारण 2 मध्ये मिळावा. ‘पैसे परत मिळत नाहीत’ म्हणून हा विमा नको म्हणणारे लोक मला दर आठवड्याला भेटतात. स्टिअरिंग बिघडले नाही तर वॉरंटीचे पैसेही परत मिळत नाहीत, तिथे मात्र त्यांना काही वाटत नाही.

जुन्या पॉलिसीत आतापर्यंत सुमारे 400 गेले आहेत आणि आज ती मोडली तर 160 मिळतील असे कंपनीने तुम्हाला कळवले आहे. हा तोटा पाहून पॉलिसी चालूच ठेवण्याचा मोह होईल, पण गेलेले पैसे दोन्ही वाटांवर गेलेलेच आहेत. येथून पुढचाच हिशेब केला, म्हणजे हे 160 आणि पुढील बारा वर्षांचे हप्ते धरून ते अंदाजे 3,240 मिळाले असे मानले, तरी परतावा साडेसात टक्क्यांच्या आत राहतो. कर्ज लवकर फेडले तर 10 टक्के वाचतात, आणि तेथे तळाशी ‘अंदाजे’ असे काही लिहिलेले नसते. म्हणून आधी मुदत विमा घ्या, प्रकृतीची माहिती न लपवता द्या, तो मंजूर होऊन कागद हातात आला की मगच जुनी पॉलिसी मोडा. मोकळ्या झालेल्या 12 पैकी 2 नव्या विम्याला जातील आणि 10 दरमहा कर्जाच्या मुद्दलात भरा. बँक त्यावर दंड लावते का ते आधी विचारून घ्या. दंड नसेल तर कर्ज 50 ऐवजी 29 महिन्यांत संपेल आणि 65 च्या आसपास व्याज वाचेल.

पॉलिसी मोडून आलेले 160 मात्र कर्जात घालू नका. तुमच्या खात्यात महिन्याच्या खर्चाएवढीही शिल्लक नाही, तेव्हा ते 160 वेगळ्या खात्यात ठेवा. कंपनीने शेवटपर्यंत हात वर केले आणि स्टिअरिंग पदरमोड करून बदलावे लागले, तर 50 त्यातूनच येतील आणि त्यासाठी कोणाकडे दावा मंजूर करून घ्यावा लागणार नाही.

गाडी विकण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा. व्यापाऱ्याने 600 सांगितले आहेत आणि कर्ज 675 आहे, म्हणजे आज विकली तर गाडीही जाईल आणि वर 75 भरावे लागतील. पुढे विकाल तेव्हाही स्टिअरिंगचा दोष दडवून विकू नका. तो कंपनीच्या खर्चाने दुरुस्त झाल्याची नोंद हाती असेल तर दडवण्याची वेळच येणार नाही.

वॉरंटीसाठी दिलेली आगाऊ रक्कम 2 आहे. कराराच्या अखेरच्या पानावर 30 दिवसांत लेखी कळवून रद्द करता येईल आणि रक्कम परत मिळेल असे कलम आहे. नऊ दिवस गेले आहेत. वितरकाच्या माणसाला फोनवर सांगून भागणार नाही. करारावर जो पत्ता छापला आहे त्या पत्त्यावर पत्र पाठवा, पोहोच घ्या आणि ही रक्कम कर्जात मिळवू नये असे बँकेलाही त्याच दिवशी कळवा.