ट्रक कॅम्परच्या छतावर कयाक चढवायची कशी आणि बांधायची कुठे?

प्रश्न असा आहे: पिकअपवर हार्ड-साइड कॅम्पर (मागच्या हौद्यात बसणारी, पक्क्या भिंतींची राहायची खोली) बसवलेला आहे, त्याचं छत जमिनीपासून १० फुटांवर आहे, कयाक (वल्ह्याची अरुंद होडी) १४ फुटी प्लास्टिकची आणि साधारण २६ किलोची. ती छतावरून नेता येईल का, आणि एकट्याने वर चढवता येईल का?

नेता येईल. २६ किलोंनी कॅम्परला काही फरक पडत नाही. एखादा माणूस दुरुस्तीसाठी छतावर चढला तर याच्या तिप्पट वजन पडतं. अडचण दोन ठिकाणी येते. एक, ती दहा फुटांवर चढवणं. दुसरी, ती कशाला बांधली आहे हे. रॅक कुठल्या कंपनीचा घ्यायचा हा प्रश्न लोक सगळ्यात आधी विचारतात, पण तो सगळ्यात कमी महत्त्वाचा आहे.

आधी छत पाहा. बहुतेक कॅम्परांच्या छतावर पातळ प्लायवूड आणि त्यावर रबरासारखा पातळ थर (ईपीडीएम किंवा टीपीओ) असतो. काहींवर अ‍ॅल्युमिनियमचा किंवा फायबरग्लासचा पत्रा. यातल्या कशातही नुसता स्क्रू पिळला तर तो वजन धरत नाही, हादऱ्यांनी भोक मोठं होतं आणि पाणी आत शिरतं. स्क्रू खालच्या लाकडी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या आडव्या पट्ट्यांतच गेला पाहिजे. त्या कुठे आहेत हे उत्पादकाकडून लिहून घ्या. ठोकून अंदाज बांधू नका. रेलखाली (बार ज्यावर बसतात त्या पट्टीखाली) ब्यूटाइल टेप (पाणी अडवणारी चिकट रबरी टेप), प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर आपोआप पसरणारं छताचं सीलंट. ईपीडीएमवर पेट्रोलियम असलेलं सीलंट चालत नाही, रबर फुगतं. सिलिकॉनही टाळा, कारण पुढे त्यावर दुसरं काही चिकटत नाही. दर सहा महिन्यांनी वर चढून सांधे तपासा. गळती आत दिसेपर्यंत लाकूड कुजायला लागलेलं असतं.

दोन आडवे बार हवेत. त्यांच्यातलं अंतर कयाकच्या लांबीच्या निदान एक तृतीयांश ठेवा, म्हणजे तुमच्यासाठी पावणेपाच ते सहा फूट. बार व्हेंटच्या (छतातल्या हवेच्या झरोक्याच्या) झाकणापेक्षा उंच असले पाहिजेत, नाहीतर कयाक वर असेपर्यंत व्हेंट उघडता येणार नाही. सोलर पॅनलवर सावली पडेल तेही बघा. पॅनलच्या एका कोपऱ्यावरची सावलीसुद्धा चार्जिंग बरंच कमी करते.

कयाक कशी ठेवायची हे मी उंचीवरून ठरवेन. १० फूट छत, अर्धा फूट बार आणि आडवी ठेवलेली कयाक सव्वा फूट, म्हणजे पावणेबारा फूट (३.५८ मीटर). तीच कयाक जे-आकाराच्या पाळण्यात कुशीवर ठेवली की अडीच फूट घेते आणि एकूण १३ फूट (३.९६ मीटर) होतात. युरोपात बहुतेक देशांत वाहनाची कमाल उंची ४ मीटर आहे, म्हणजे तुम्ही काठावर आलात. शिवाय कुशीवरची कयाक आडव्या वाऱ्याला शिडासारखी उभी राहते, आणि कॅम्परची गाडी आधीच वरून जड असते. छतावर जागा असेल तर आडवीच ठेवा, शक्यतो पालथी. पालथी ठेवली की पाऊस आत साचत नाही, आणि प्लास्टिकची कयाक तळापेक्षा कडांवर दाब जास्त सहन करते. सुलटीच न्यायची असेल तर व्ही-आकाराचे पाळणे आणि कॉकपिटवर (बसायच्या भोकावर) झाकण हवंच, तेही दोरीने बांधलेलं, नाहीतर वाऱ्याने पहिलं तेच उडतं. एकूण उंची टेपने मोजून ड्रायव्हरसमोर चिकटवून ठेवा. पेट्रोल पंपाचं छप्पर बघताना आकडा डोक्यातून आठवायला लागू नये.

आता चढवणं. मागच्या बारला रोलर लावून मागून सरकवायची, ही पद्धत सगळीकडे सुचवली जाते. जाडसर सळईवर सैल फिरणारा पीव्हीसी पाइप हाही चांगला रोलर होतो. पण १० फुटांवर काय होतं ते बघा. कयाकचं पुढचं टोक रोलरवर टेकवलं की ती साधारण ४५ अंशांत उभी राहते. मागचं टोक उचलून पुढे चालत ढकललं की वर जायला लागते. हातात सुरुवातीला जेमतेम निम्मं वजन येतं, इथवर सोपं आहे. तुमचे हात सात फुटांपर्यंत पोचतात असं धरू. मध्यबिंदू रोलरच्या पुढे गेला की कयाक सी-सॉसारखी पलटते: पुढचं टोक खाली आपटतं, मागचं टोक हातातून सुटून वर जातं, आणि सात फूट कयाक गाडीच्या मागे हवेत लटकते. तिथे आता तुमचा हात पोचत नाही. म्हणून सुरुवातीलाच दोन्ही टोकांना दोर बांधा. मागचा दोर हातात धरून पलटणं सावकाश करा. मग पुढचा दोर कॅम्परच्या नाकावरून (केबिनच्या वर पुढे आलेल्या भागावरून) खाली सोडलेला असेल तो गाडीसमोर उभं राहून ओढा. नाकाच्या कडेवर जुन्या गालिच्याचा तुकडा टाका, नाहीतर दोर कडेची पट्टी कापतो. तळ खाली ठेवूनच सरकवा. पालथी सरकवली तर कॉकपिटची कड रोलरला अडते. वर गेल्यावर घडीच्या शिडीवरून ती पालथी करा. लोळवायला उचलावी लागत नाही.

कयाक १० फुटी असती तर ही पद्धत विसरा म्हटलं असतं. ती जमिनीवर सरळ उभी केली तरी रोलरपर्यंत पोचत नाही. छोटी कयाक उंच छतावर चढवणं मोठीपेक्षा अवघड जातं, हे अनेकांना विकत घेतल्यावर कळतं.

मागून सरकवण्याऐवजी बाजूनेही चढवता येते. ज्या बाजूला ऑनिंग (बाहेर ओढायचं कापडी छप्पर) नाही त्या बाजूला तेरा-चौदा फुटी दोन मजबूत खांब तिरके लावून वरचं टोक बारला अडकवा. ८ मिलिमीटरचे पॉलिएस्टरचे दोन दोर, प्रत्येकी १५ मीटर. दोराचं एक टोक पलीकडच्या बाजूला बारला बांधा, दोर छतावरून अलीकडे खाली आणा, कयाकच्या खालून घेऊन परत वर आणि छतावरून पलीकडे सोडा. पलीकडे उभं राहून दोन्ही दोर ओढले की कयाक खांबांवरून वर येते आणि जोर निम्माच लागतो. दोन्ही दोर सारखे ओढले गेले नाहीत तर कयाक तिरकी होऊन अडकते, म्हणून दर हातभर ओढल्यावर थांबून सरळ करा. पलीकडच्या बारवर दोर अडकवून धरणारी कॅम क्लीट बसवली तर हात सोडून बघायला जाता येतं. एकट्याने करायचं असेल तर ती क्लीट हवीच.

मागच्या शिडीबद्दल एक विनंती: कयाक खांद्यावर घेऊन त्या शिडीवर चढू नका, रोलर तिला लावू नका, दोरही तिला बांधू नका. ती चार-सहा स्क्रूंवर लटकलेली असते आणि सरळ खाली पडणाऱ्या वजनासाठी केलेली असते, आडव्या ओढीसाठी नाही.

बांधायला २५ मिलिमीटर रुंदीचे कॅम-बकलचे (हाताने ओढून घट्ट करायचे) पट्टे घ्या, प्रत्येक बारवर एक. रॅचेट (दांडा मागे-पुढे करून आवळायचे) पट्टे नकोत. त्यांचा जोर हाताला जाणवत नाही आणि प्लास्टिकमध्ये खड्डा पडतो. पट्टा बारच्या दोन पायांच्या आतून घ्या, म्हणजे बाहेर घसरत नाही. बकलखाली पॅड ठेवा आणि मोकळ्या पट्ट्याला एक-दोन पीळ द्या, नाहीतर वेगात तो घोंघावतो. हाताने घट्ट ओढून कयाक हलवली की अख्खी गाडी हलली पाहिजे. त्यापुढे आवळू नका. कडक उन्हात प्लास्टिक मऊ होतं आणि आवळलेल्या पट्ट्याखाली दबतं, म्हणून दिवसभर उभं राहायचं असेल तर पट्टे सैल करा आणि निघताना आठवणीने पुन्हा आवळा. दबलेला भाग बरेचदा उन्हात ठेवल्यावर आपोआप वर येतो.

पुढच्या-मागच्या टोकांचे दोर मात्र गाडीच्या बॉनेटला किंवा बंपरला बांधू नका. साध्या कारवर तेच बरोबर असतं, इथे नाही. पिकअपची केबिन आणि मागचा हौदा फ्रेमवर वेगवेगळे बसवलेले असतात, आणि कॅम्पर हौद्यात टर्नबकलने (फिरवून ताण वाढवायच्या स्क्रूने) ताणून बांधलेला असतो. खड्ड्यातून जाताना हे तिन्ही एकमेकांच्या तुलनेत हलतात. बॉनेटपासून कयाकपर्यंत बांधलेला दोर एका क्षणी सैल पडतो, दुसऱ्या क्षणी ताणून कयाकचं टोक किंवा छतावरची रेल ओढतो. सगळं कॅम्परलाच बांधा. पुढे नाकावर दोन बाजूंना आत प्लेट लावून बसवलेल्या कड्या आणि त्यांना व्ही-आकारात दोर. मागे कोपऱ्यांतल्या जॅकचे (कॅम्पर उचलायच्या पायांचे) ब्रॅकेट. कॅम्परच्या सांगाड्यात पक्के बोल्ट केलेली ती जागा सहसा सगळ्यात भक्कम असते. एक दोर कयाकला पुढे ओढतो, दुसरा मागे, आणि ब्रेक लागला तरी ती सरकत नाही.

पहिल्या १५-२० किलोमीटरनंतर थांबून पट्टे पुन्हा ओढा. पॅड दबतात, पट्टे बसतात, थोडी ढिलाई येतेच. नायलॉनचे पट्टे पावसात भिजले की आणखी ताणतात. पॉलिएस्टरचे फारसे नाही.

वजनाचं राहिलं. कॅम्पर, पाणी, गॅस आणि माणसं धरून बऱ्याच पिकअपची मर्यादा आधीच संपलेली असते. कयाक आणि रॅक मिळून ४०-५० किलो वाढतात. भरलेली गाडी एकदा वजनकाट्यावर घ्या आणि दरवाजाच्या चौकटीवरच्या आकड्याशी ताडून पाहा.

तुमचा कॅम्पर पॉप-अप (थांबल्यावर छत वर उचलायचा) असता तर उत्तर बदललं असतं. छत कमी उंच म्हणून चढवणं सोपं, पण वर उचलताना कयाक छतासोबत उचलावी लागते आणि छत उचलणारे गॅस स्ट्रट तेवढ्या वजनासाठी दिलेले नसतात. तिथे छत उघडण्याआधी कयाक उतरवावी लागते. मासेमारीची ३५-४० किलोची कयाक असेल तर मी कुठल्याच कॅम्परच्या छतावर ती चढवणार नाही. ट्रेलर घ्या, किंवा हवेची कयाक घेऊन आत ठेवा.