शवासनातून उठून पळावंसं का वाटतं?

प्रश्न : मॅडम, माझं वय ४३, राहणार सांगली. २०१९ च्या पुरात सासूबाई, दोन मुलं आणि आम्ही दोघं वरच्या मजल्यावर अडकलो होतो. खाली पाणी, लाइट नाही, मोबाइल बंद. आता घर, दुकान सगळं मार्गी लागलंय. पण पावसाळ्यात कुणी 'आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी चाळीस फुटांवर गेलं' म्हटलं, की पोटात गोळा येतो, खांदे आखडतात, रात्री जिन्यात पाऊल वाजलं तरी दचकून उठते. योगाच्या क्लासला सगळं जमतं, पण शवासनात डोळे मिटले की छाती धडधडते आणि मी उठून बाहेर येते. बायका हसतात. मैत्रिणीने दोन दिवसांचं शिबिर सुचवलंय. तिथे अंग थरथरवून, रडून शरीरात साठलेला आघात बाहेर काढतात म्हणे. फी साडेसात हजार. मिस्टर म्हणतात, ही सगळी थेरं. जाऊ का?

उत्तर : या शिबिराला नका जाऊ. पण मिस्टरांनाही सांगा, शरीराकडून मनाकडे जाणारे सगळेच उपचार थेरं नसतात.

आधी शवासन. पाण्याचा आवाज ऐकत ज्या बाईने रात्री जागून काढल्या, तिच्या शरीराला डोळे मिटून सैल पडणं म्हणजे पहारा सोडल्यासारखं वाटतं. म्हणून धडधड. हसणाऱ्यांना हसू द्या. क्लासच्या ताईंना सरळ सांगा, 'मी भिंतीला टेकून, डोळे उघडे ठेवून, दाराजवळ बसणार.' चांगली शिक्षिका हरकत घेणार नाही. कपालभाती, भस्त्रिका तूर्त बाजूला ठेवा. ज्याची छाती आधीच धडधडते त्याला त्याची गरज नाही.

आता तो 'साठलेला आघात'. स्नायूंत कुठे गाठोडं बांधून ठेवलेलं नसतं, की थरथरलं आणि बाहेर पडलं. धोका टळला तरी इशारा बंद न करण्याची सवय मेंदूला आणि त्याच्याबरोबर साऱ्या अंगाला लागते. पीटर लेव्हिन या अमेरिकन मानसतज्ज्ञाने रुजवलेल्या 'सोमॅटिक एक्सपिरिअन्सिंग'मध्ये या सवयीवरच काम होतं, पण अगदी थोडं थोडं. पोटातल्या गोळ्याकडे दोन-चार श्वास लक्ष द्यायचं, मग तळव्यांखालच्या गार फरशीकडे यायचं, पुन्हा जायचं, पुन्हा यायचं. पुराची हकीकत सांगायची सक्ती नाही. दोन दिवसांत हॉलभर माणसांना एकदम रडवणं हे याच्या नेमकं उलट आहे. शिबिर संपल्यावर एखाद्या रात्री त्रास वाढला, तर आयोजक फोन उचलेल का, हे मैत्रिणीला विचारा.

पुरानंतर माझ्याकडे एक दूधवाले काका उपचारासाठी यायचे. पाय जमिनीला टेकवा म्हटलं, तर चपला काढेनात. त्या रात्री अनवाणी पळावं लागलं होतं. म्हटलं, घालूनच बसा. चपलेच्या पट्ट्यात अंगठा आवळायचा आणि सोडायचा, इथून आमचं काम सुरू झालं. कुठल्याही पुस्तकात हा व्यायाम नाही.

पुरावा किती? इस्रायलमध्ये ६३ जणांवर झालेला, २०१७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सोमॅटिक एक्सपिरिअन्सिंगच्या बाजूने आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूतही प्रयोग झाले, पण तिथे तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये शिफारस केली ती आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी बोलण्याची थेरपी) आणि ईएमडीआर (डोळ्यांची हालचाल करत त्रासदायक आठवणीवर काम करणारी थेरपी) यांची. म्हणून मी आधी यांपैकी काही घ्या म्हणेन, शरीराचं काम जोडीला.

घरी करायचं ते असं. चार अंक मोजत श्वास आत, सहा अंक मोजत बाहेर. मनगटावर बोट ठेवून पाहा, श्वास सोडताना नाडी जरा संथ होते. मेंदूपासून हृदयापर्यंत आणि पुढे पोटापर्यंत जाणाऱ्या वेगस नावाच्या नसेचा यात मोठा हात आहे. चाळीस फुटांची बातमी आली, तर डोळे मिटू नका. मान सावकाश फिरवून दार, खिडकी, भिंतीवरचं कॅलेंडर बघा. दोन्ही तळहातांनी भिंत जोरात ढकला.

आणि एक गोष्ट शिबिरवाले सांगणार नाहीत. तुमची भीती सगळी खोटी नाही. २०२१ मध्ये कृष्णा पुन्हा घुसलीच ना? आयर्विनची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. मग घरात ठरवून टाका : चाळीसला कागदपत्रं आणि सासूबाईंची औषधं वर न्यायची, पंचेचाळीसच्या आत उंचावरच्या नातेवाइकांकडे निघायचं. पातळी सकाळ-संध्याकाळ अधिकृत ठिकाणी बघायची, ग्रुप म्यूट. ठरलेलं काम हाताशी असलं की अंगाला नुसतं थिजून राहावं लागत नाही.

धडधडीसाठी एकदा थायरॉइड आणि हृदय तपासून घ्या. मग टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोला, फोन फुकट आहे, चोवीस तास. जवळ कुणी सापडल्यास क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी विचारा, लाजू नका. पहिल्याच भेटीत पुराची सगळी हकीकत वदवून घेणारा किंवा न विचारता खांद्याला हात लावणारा असेल, तर दुसऱ्या भेटीला जायचं नाही.