नागपुरात नवीन घराला सेंट्रल हीटिंग बसवायचं तर बजेट किती ठेवावं?

अमेरिकेतून परत येताय, बेसा भागात तीन बेडरूमचं घर बांधताय आणि तिथल्यासारखं सेंट्रल हीटिंग हवंय, असा तुमचा प्रश्न. हीटिंगच्या रकान्यात शून्य लिहा, म्हणजे पुढचा हिशेब सोपा होईल.

नागपूरची थंडी खोटी नाही. डिसेंबर 2018 मध्ये पारा 3.5 अंशांवर उतरला होता. पण ती मोजक्या आठवड्यांची, तीही रात्रीची. दुपारी स्वेटर खुंटीवरच असतो. मे 2013 मध्ये याच शहरात 47.9 अंश होतं. पैसा गारव्यासाठी लागतो.

घरात म्हातारी माणसं असतील तर त्यांच्या एका खोलीत 'हॉट अँड कोल्ड' इन्व्हर्टर एसी घ्या. साधा रूम हीटर एका युनिटात एका युनिटाइतकीच उष्णता देतो; हा बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो, त्यामुळे तेवढ्याच विजेत तिप्पटीच्या आसपास मिळते.

अमेरिकेत फर्नेस (घर तापवणारी भट्टी) आणि एसी एकाच डक्टवर, म्हणजे खोल्याखोल्यांत हवा नेणाऱ्या नळांवर, चालतात, म्हणून तो खर्च पटतो. इथे डक्ट निव्वळ गारव्यासाठी घालावा लागेल, रिकाम्या खोल्याही गार होतील, आणि ऐन नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) मशीन बंद पडलं की अख्खं घर उकडेल. त्यापेक्षा बेडरूमला दीड टनाचे स्प्लिट (साधारण 40-45 हजारांना एक) आणि हॉलला खसच्या ताट्यांचा मोठा कूलर. मे महिन्याच्या कोरड्या हवेत कूलरला तोड नाही, पाऊस लागला की मात्र तो नुसता चिकचिकाट करतो. सगळं मिळून दोन लाखांच्या आसपास धरा. कॉपर पाइप फुटावर मोजतात आणि कोटेशनमध्ये तो बहुधा नसतो, तेवढं आधी विचारून घ्या.

त्याआधी मात्र गच्ची. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत आत उष्णता सोडत राहतो, वरच्या मजल्यावरचा एसी त्याच्याशीच झगडतो. वर इन्सुलेशन आणि पांढरा चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांचा थर) करा, पश्चिमेच्या खिडक्यांना चांगले रुंद छज्जे काढा. इथे हात आखडू नका.

प्लास्टरच्या आधी वायरमनला गाठून प्रत्येक एसीला 4 एमएमची वेगळी लाइन, वेगळा एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच) आणि उताराचा ड्रेन पाइप टाकून घ्या. महावितरणकडे मंजूर भारही त्या हिशेबाने मागा. आणि 300 युनिटांच्या वर दर चांगलाच चढतो, तेव्हा गच्चीवर 3 किलोवॅट सोलरला जागा सोडा. पीएम सूर्यघर योजनेत त्यावर 78,000 रुपये अनुदान आहे.