‘घरकोंबडा’, ‘गृहस्थ’ आणि ‘दंपती’

म्हापशाच्या एका वाचकांनी विचारले आहे की, काका-काकूंच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवशी वाचायच्या मानपत्रात त्या दोघांना ‘घरकोंबडे’ म्हटले तर चालेल का. दोघांनाही घर सोडून कुठे जाणे फारसे आवडत नाही आणि त्यांचा संसार सुखाचा झाला तो त्यामुळेच, असे पत्रलेखकांना वाटते.

हा शब्द मानपत्रात घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘घरकोंबडा’ कितीही लाडाने म्हटले तरी त्यात हिणवणे उरतेच. उंबरठ्याबाहेर पडण्याची धमक नाही, असा त्याचा रोख असतो. तो बहुधा पुरुषालाच लावतात, कारण बाईने घरात असणे समाजाने गृहीतच धरले होते आणि त्यासाठी वेगळा शब्द काढावा असे कुणाला वाटले नाही. काकूंच्या घरी असण्याचेही मोल सांगायचे असेल, तर हा शब्द अपुरा आहे. ‘घरबशा’ त्याहून वाईट, कारण तो नुसता बसलेला असतो आणि घरातल्या कामाला त्याचा हात लागत नाही. ‘एकलकोंडा’ तर वेगळाच, त्याला घरातली माणसेही नकोशी असतात. घरबशा काय किंवा एकलकोंडा काय, चोवीस तास घरी असला म्हणून जोडीदाराला त्याचे सुख लाभेलच असे नाही.

पत्रात एक तपशील आला आहे. उन्हाळ्यात काकू रातांबे, म्हणजे आपली भिंडां, फोडून बिया वेगळ्या करतात, काका साली रसात बुडवून उन्हात पसरतात, आणि सोलां, म्हणजे आमसुले, काळी पडेपर्यंत हे रोज चालते, तेवढ्या वेळात दोघांच्या गप्पा संपत नाहीत. याला मराठीत ‘रमणे’ म्हणतात. ‘घरात रमणारे’ एवढे साधे लिहिले तरी त्यात बसणेही येत नाही आणि कोंडून घेणेही येत नाही.

लग्न आणि घर यांचे नाते आपल्या शब्दांत फार जुने आहे. ‘गृहस्थ’ म्हणजे शब्दशः घरात राहणारा, आणि तो आदराचा शब्द आहे. ‘दंपती’मधील ‘दम्’ म्हणजे घर. वैदिक भाषेत या शब्दाचे एकवचन घरधन्यासाठी येते आणि द्विवचन नवरा-बायकोसाठी, म्हणजे घराचे धनी दोघे. गोव्यात हा अर्थ कायद्यातही आढळतो, कारण 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या आपल्या विवाहकायद्यात, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर मालमत्ता सर्वसाधारणपणे दोघांची सामाईक होते. ऋग्वेदातील विवाहसूक्तात (10.85.42) वधूवरांना ‘इहैव स्तं मा वि यौष्टम्’, म्हणजे इथेच राहा, वेगळे होऊ नका, असा आशीर्वाद दिला असून, पूर्ण आयुष्य भोगून मुला-नातवंडांशी खेळत आपल्या घरी आनंदात राहा, असे पुढे म्हटले आहे. मानपत्रात एखादे वचन हवेच असेल, तर हे घ्यावे.

तरीही घरी राहण्याच्या आवडीमुळेच संसार टिकला, असे मात्र लिहू नये. आपल्याकडे कितीतरी तारवटी वर्षातले अनेक महिने जहाजावर काढतात आणि त्यांचेही संसार सुखाचे होतात. उलट एकाला जत्रेला, नाटकाला जावेसे वाटते आणि दुसऱ्याला नाही, तिथे तेच घर कोंडवाडा होते. काका-काकूंची आवड जुळली हे त्यांचे भाग्य, आणि मानपत्रात लिहायचे ते हे जुळणे.

शेवटी लेखनाबद्दल: मानपत्रावर ‘दंपत्ती’ छापू नये. ‘संपत्ती’, ‘आपत्ती’ या शब्दांच्या सवयीने हा जोड त येतो. शुद्ध रूप ‘दंपती’, आणि त्यावरून झालेले भाववाचक नाम ‘दांपत्य’.